देवस्थानच्या संग्रहालयात आदिवासी आणि परकी राजवट कशी मांडावी?

प्रश्न असा आला आहे. नांदेड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका देवस्थानचे विश्वस्त विचारतात: "संस्थानच्या भक्तनिवासाच्या वरच्या मजल्यावर संग्रहालय करतोय. संस्थानचा इतिहास, आदिवासी जीवन आणि निजाम-इंग्रज काळ अशी तीन दालनं ठरली आहेत. गुत्तेदाराने फायबरच्या पुतळ्यांचं आणि फलकांचं अंदाजपत्रक दिलंय. बाकीच्या धर्मसंस्था आपल्या संग्रहालयांत हे विषय कसे मांडतात, आणि आमच्याकडे काय चुकू शकतं?"

संग्रहालयांची मांडणी आणि वस्तूंची नोंदणी हे माझं काम. मराठवाड्यातल्या देवस्थानांत, मठांत, चर्चमध्ये ते करत आलोय. तुम्ही गुत्तेदाराच्या अंदाजपत्रकावर सही करण्याआधी विचारताय याचा मला मनापासून आनंद आहे, कारण एकदा पुतळे उभे राहिले की विश्वस्तांचं मन वळवणं फार कठीण जातं.

आधी मुद्द्याचं सांगतो. धर्मसंस्थेचं संग्रहालय कुठल्याही धर्माचं असो, आदिवासींची गोष्ट ते बहुतेक वेळा एकाच वळणानं सांगतं. संस्था देणारी आणि आदिवासी घेणारे. संस्थेनं शाळा काढली, औषधपाणी केलं, दारू सोडवली, देव दाखवला. आदिवासींनी संस्थेला काय दिलं, त्यांच्याकडून काय काढून घेतलं गेलं आणि त्या वेळी सत्ता कुणाच्या हातात होती, हे मात्र फलकावर येत नाही. तुमची तिन्ही दालनं मी याच कसोटीवर तपासेन: कुणी कुणाला काय दिलं, आणि देणाऱ्याला तेव्हा "नाही" म्हणायची सोय होती का.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण व्हॅटिकनचं आहे. १९२५ साली अकरावे पायस पोप होते. त्यांच्या सांगण्यावरून जगभरच्या मिशनऱ्यांनी वस्तू पाठवल्या आणि रोममध्ये प्रचंड प्रदर्शन भरलं. सुमारे एक लाख वस्तू जमल्या. त्यांतल्या चाळीस हजारांच्या आसपास तिथंच ठेवून घेतल्या आणि पुढच्या वर्षी त्यांचं कायमचं मिशनरी संग्रहालय झालं. आज त्याचं नाव अनिमा मुंडी आहे. या वस्तू पोपना भेट म्हणून आल्या, असं व्हॅटिकन सांगत आलं. कॅनडातल्या मूळनिवासी लोकांनी विचारलं, कसली भेट? पश्चिम किनाऱ्यावरच्या जमातींचा पॉटलॅच हा दानाचा, नाव धारण करण्याचा, वारसा चारचौघांत जाहीर करण्याचा सोहळा. त्यावर कॅनडा सरकारनं १८८५ पासून १९५१ पर्यंत कायद्यानं बंदी घातली होती. सोहळा केला तर तुरुंग, आणि मुखवटे जप्त. त्याच राजवटीत दीड लाखाच्या घरात मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घातली गेली, आणि त्यांतल्या बहुतेक शाळा चर्चच्या हाती होत्या. अशा दिवसांत एखाद्यानं आपला मुखवटा मिशनऱ्याकडे दिला, तर तो आनंदानं दिला असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

पुढं बरंच घडलं. २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन माफी मागितली. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकननं "शोधाच्या सिद्धांता"शी असलेलं नातं जाहीरपणे तोडलं. ख्रिस्ती राजांनी नव्यानं गाठलेल्या भूमीवर हक्क सांगावा, या कल्पनेला १४९३ च्या पोपच्या फर्मानाचा आधार दिला जायचा. आणि १५ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी ६२ वस्तू कॅनडाच्या बिशप मंडळाच्या हवाली केल्या. त्यांत इनुइट लोकांची कातडी मढवलेली एक कयाक होडीही होती. तब्बल शंभर वर्षं लागली याला. आणि कागदोपत्री हा व्यवहारही पोपनी बिशपांना दिलेली भेट असाच झाला. ज्यांची होडी होती त्यांच्या हाती ती पोचवायचं काम बिशपांवर सोपवलं गेलं. परत करतानासुद्धा देणाऱ्याची जागा संस्थेनं सोडली नाही, हे मला फार बोचतं.

दुसरी तऱ्हा विजयचिन्हाची. १८२१ साली पॅसिफिक महासागरातल्या रुरुतू बेटाच्या लोकांनी नवा धर्म घेतला आणि आपला आ-आ नावाचा लाकडी देव लंडन मिशनरी सोसायटीच्या माणसांकडे सोपवला. लंडनमध्ये सोसायटीच्या संग्रहालयात तो टाकून दिलेल्या देवांच्या रांगेत उभा राहिला. १९११ साली ब्रिटिश म्युझियमनं तो विकत घेतला. आपल्याकडे हे घडत नाही असं समजू नका. एखादा पंथ घेतल्यावर घरातले देवीचे, खंडोबाचे टाक मठात आणून देणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. तसे टाक तुमच्याकडे असतील तर "अंधश्रद्धेतून मुक्ती" असा फलक लावून ते काचेत मांडू नका. त्या घरात पिढ्यान् पिढ्या त्यांना हळदकुंकू लागलेलं असतं.

तिसरी तऱ्हा शांत, सुंदर बागेची. कॅलिफोर्नियात १७६९ ते १८२३ या काळात स्पॅनिश पाद्र्यांनी २१ मिशनं उभी केली. त्यांतली बरीचशी आज संग्रहालयं आहेत आणि शाळेची पोरं तिथं सहलीला येतात. कारंजं, घंटा, गुलाब, पांढऱ्या भिंती. त्या भिंतींच्या विटा थापणारे लोक मूळनिवासी होते. एकदा बाप्तिस्मा झाला की त्यांना मिशन सोडून जायची मुभा नसायची, पळून गेलेल्यांना शिपाई धरून आणत, आणि रोगराईनं माणसं हजारांनी मेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन डोलोरेसच्या आवारात सुमारे पाच हजार मूळनिवासी पुरलेले आहेत. या मिशनांचा पाया घालणाऱ्या हुनिपेरो सेरा यांना २०१५ साली संतपद मिळालं आणि २०२० मध्ये त्यांचे पुतळे लोकांनी पाडले. एकाच माणसाबद्दल इतकं टोकाचं मत असतं, तेव्हा संग्रहालयानं दोन्ही बाजू आपल्या भिंतीवर आणल्या पाहिजेत. मिशन डोलोरेसमध्ये एक चांगलं पाऊल पडलं. तिथं पुरलेल्यांच्याच वंशातला एक माणूस पुढं तिथला संग्रहपाल झाला.

हे वाचताना तुम्हाला कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाची आठवण झाली असेल, कारण गुत्तेदारानं अंदाजपत्रकासोबत तिथलेच फोटो जोडले असणार. सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय मेहनतीनं केलेलं आहे. कुंभार, लोहार, वासुदेव, पिंगळा, बारा बलुतेदार, सगळे हुबेहूब. माणूस तासन् तास बघत राहतो. पण ती मांडणी एका स्वयंपूर्ण, एकोप्याच्या गावाची आहे, आणि तो नमुना उचलून मराठवाड्यात आणला की अडचण होते. आपल्याकडच्या गावाला देशमुखीची, वेठीची, १८७६-७८ च्या दुष्काळाची आठवण आहे. पारध्याची पालं गावाच्या शिवेबाहेर पडायची आणि गावात चोरी झाली की पोलीस पाटील आधी तिकडे जायचा. हे वगळून बागेतलं गाव उभं केलं, तर पारध्याचा शिकलेला पोरगा तुमच्या दालनातून गप्प बाहेर पडेल आणि पुन्हा येणार नाही.

शिलाँगचं डॉन बॉस्को संग्रहालय जमलं तर विश्वस्तांनी एकत्र जाऊन बघावं. सात मजल्यांचं, सेल्सियन या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी उभारलेलं, ईशान्येकडच्या जमातींना वाहिलेलं. जुन्या धर्माची साधनं, कपडे, शेती, घरं, सगळं जपलंय. ज्या मिशननं लोकांचा धर्म बदलला त्याच मिशननं जुन्या धर्माची चिन्हं सांभाळावीत, यातला पेच तिथं फिरताना जाणवत राहतो, आणि तो जाणवायलाच हवा असं माझं मत आहे.

आता तुमच्या "आदिवासी जीवन" दालनाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त काळजी मला त्याची वाटते.

पहिली गोष्ट, "आदिवासी" म्हणून एकच माणूस उभा करू नका. किनवट-माहूर पट्ट्यात गोंड आहेत, कोलाम आहेत, परधान आहेत, आंध आहेत. प्रत्येकाचे देव, लग्नाची रीत, बोली वेगळी. कोलाम महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित जमातींपैकी एक, त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. परधान गोंडांच्या कुळांचा इतिहास किंगरी या तंतुवाद्यावर गाऊन सांगतात. ग्रंथ नसलेल्या समाजाचा तो ग्रंथच. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो आणि सीमेपलीकडे तेलंगणात अनुसूचित जमातींत. गुत्तेदाराच्या यादीत या सगळ्यांचं मिळून "आदिवासी जोडपे, एक नग" असं असतं. धनुष्य, पानांचा घागरा, अर्धं उघडं अंग. असा माणूस किनवटच्या आठवडी बाजारात तुम्ही कधी पाहिलाय का?

एका संस्थानात बंजारा बाईचा असाच पुतळा बसवला होता. कमरेवर घागर, ओठ लालभडक, बाजारातला चमचमता घागरा. दर्शनाला आलेल्या तांड्यावरच्या एक याडी (बंजारा बोलीत आई) नातीला घेऊन वर आल्या. पुतळ्याभोवती हळूहळू फिरल्या आणि नातीला सांगायला लागल्या. फेटिया, म्हणजे घागरा, इतका आखूड नसतो. कांचळीवर आरसे असे नसतात, टाका वेगळा असतो. केसांत घुगरी लावलीय म्हणजे बाई लग्नाची, मग दंडावरच्या बलिया कुठायत? नाकातली भुरिया कुठंय? डोक्यावर टुकरी का नाही? मी व्यवस्थापकांना म्हटलं, वही काढा आणि या बोलतात ते लिहून घ्या. पुढच्या महिन्यात तो पुतळा काढला. त्या जागी याडींच्या घरचा जुना फेटिया सपाट लाकडी पाटीवर ताणून लावला, शेजारी त्यांचाच आवाज ऐकायची सोय केली. कुठला टाका कुणी शिकवला, बलिया का घालायच्या, सगळं त्यांच्या गोरमाटी बोलीत. लोक आता त्या फेटियासमोर थांबतात. पुतळ्यासमोर फक्त सेल्फी व्हायचे.

वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालं. नंगाऱ्याच्या आकाराची इमारत, सेवालाल महाराजांच्या समाधीचं ठिकाण. तुमच्यापासून फार लांब नाही. आपल्या श्रद्धास्थानाशी समाज स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो तेव्हा तिचा रोख कसा बदलतो, ते तिथं बघायला मिळेल. तुमच्या भागातले बरेच तांडे रामनवमीला तिथं जातातच, त्यांच्याबरोबर जा.

दुसरी गोष्ट, पूजेच्या वस्तूंबद्दल. दिवाळीच्या दंडारीत, म्हणजे गोंडांच्या नाचाच्या सणात, घुसाडी हा नाचणारा जो मोरपिसांचा मोठा टोप घालतो, तो तुमच्या यादीत "नृत्याची वेशभूषा" म्हणून लिहिलेला असेल. गोंडांसाठी ते नुसतं नाचणं नसतं. तेवढे दिवस घुसाडी नेम पाळतो, टोपाला मान असतो. काही गावं म्हणतील, ठेवा. काही म्हणतील, हे काचेत नको. जे नको म्हणतील त्यांचं ऐकायचं. फोटोही लावायचा नाही. आपल्या गाभाऱ्यातली मूर्ती कुणी उचलून प्रदर्शनात मांडली तर आपल्याला जे वाटेल, तेच त्यांना वाटतं.

तिसरी, आणि धर्मसंस्थेला सगळ्यात अवघड. गोंडांचा थोरला देव पर्सा पेन, त्यांची चार, पाच, सहा, सात देवांची कुळं, हे त्यांच्या नावांनीच लिहा. "हे महादेवाचेच रूप" असं खाली जोडायचा मोह प्रत्येक हिंदू संस्थानाला होतो, तसा चर्चच्या संग्रहालयाला "यांना मुळातच एका परमेश्वराची जाणीव होती" असं लिहायचा होतो. तुमच्या विश्वस्त मंडळाची तशी श्रद्धा असेल तर संस्थानच्या दालनात तुमच्या नावानं जरूर मांडा. गोंडांच्या दालनात गोंड काय म्हणतात तेच हवं. तिथले काही गोंड स्वतःच महादेवाशी नातं सांगतील, काही ठामपणे नाकारतील. दोघांचेही आवाज ठेवा.

जुन्या फोटोंबद्दलही सावध राहा. इंग्रज सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातल्या जाती-जमातींचे फोटो आठ खंडांत छापले. ते आज इंटरनेटवर सहज मिळतात आणि गुत्तेदार मोठे करून भिंतभर लावतात. माणसाला नावगाव नाही, जातीचं नाव तेवढं खाली, आणि सोबत स्वभावाचे शेरे: अमुक जात चोरटी, तमुक आळशी. १८५७ नंतर राज्य सांभाळण्यासाठी गोळा केलेली माहिती होती ती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यामागेही हीच नजर होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. या जमातींना डांबून ठेवायची सोलापूरची वसाहत, सेटलमेंट, अजून त्याच नावानं ओळखली जाते. तारेचं कुंपण आणि हजेरी यांच्या आठवणी तिथल्या घराघरांत आहेत. अशा वसाहती चालवायचं काम सरकारनं काही ठिकाणी धर्मसंस्थांकडे दिलं होतं. आंध्रातलं स्टुअर्टपुरम साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेनं चालवलं. सेवा आणि पहारा एकाच संस्थेच्या हाती होता. तसा एखादा फोटो लावलाच तर तो कुणी, कशासाठी काढला हे आधी लिहा आणि माणसाचा चेहरा नंतर दाखवा.

आता तिसरं दालन. मराठवाड्यात परकी राजवट मांडणं पुण्या-मुंबईपेक्षा गुंतागुंतीचं आहे, कारण आपल्यावर निजाम होता आणि निजामावर इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारात बसवलेला त्यांचा अधिकारी. १७९८ आणि १८०० च्या तैनाती तहांनंतर फौज इंग्रज अधिकाऱ्यांची, खर्च निजामाचा. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद (आजचं अंबाजोगाई) इथल्या छावण्या त्यातूनच आल्या. संग्रहालयांत मात्र दोन सुटे फलक असतात: एकावर व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्यावर रझाकार. मधला दीडशे वर्षांचा कारभार गायब.

अजिंठ्याचंच घ्या. २८ एप्रिल १८१९ ला मद्रास फौजेचा जॉन स्मिथ शिकारीला आला आणि त्याला लेणी "सापडली", १० क्रमांकाच्या लेण्यात त्यानं नाव कोरलं, हे आपण शाळेपासून वाचतो. त्या डोंगरात ती फौज काय करत होती, हे कुणी सांगत नाही. १८१८ ला पेशवाई गेली, खानदेश इंग्रजांकडे आला आणि सातमाळ्याच्या रांगेत भिल्लांशी झुंज सुरू झाली. लवकरच्या युरोपीय प्रवाशांच्या लिखाणात या दरीतले भिल्ल वाटेतला धोका म्हणून येतात. १८२५ ला जेम्स औट्रमनं भिल्ल पलटण उभी केली, भिल्लांवर नेमलेल्या तीन एजंटांपैकी एक कन्नडला बसायचा. कन्नडहून चाळीसगावला उतरताना आपण आजही औट्रम घाट म्हणतो. जंगलातल्या माणसाला हरवून त्यालाच पगारी शिपाई करण्याची ती पद्धत होती, आणि तिचा पत्ता आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. पारोचंही तसंच. फौजेतला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ पासून लेण्यांची चित्रं उतरवायच्या कामावर होता, आणि पारो ही तिथली मुलगी त्याच्यासोबत राहायची. त्याची बहुतेक चित्रं १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पारो १८५६ ला वारली, तिची कबर अजिंठा गावात आहे. प्रेमकहाणी म्हणून सगळे सांगतात. फौजेचा गोरा अधिकारी आणि गावची पोरगी, यांच्यात "नाही" म्हणायची मोकळीक कुणाला किती होती, हा प्रश्न फलकावर मांडायला हरकत नाही.

तुमच्या भागाला तर याहून जवळचं उदाहरण आहे. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यात जोडेघाटला गोंडांचा पुढारी कोमरम भीम १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला. मागणी साधी होती: राखीव जंगलाच्या नावाखाली गोंड-कोलामांना हुसकावू नका, जमीन कसू द्या. त्यानंतर निजाम सरकारनं ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासाला लावलं आणि काही जमिनींचे पट्टे मिळाले. जोडेघाटला आता भीमचं संग्रहालय आहे. तुमच्या दालनात भीम नसेल तर ते दालन अपुरं राहील. आणि तो हिंदू-मुसलमान झगड्याचा फलक होऊ देऊ नका. जंगलखात्याचा शिपाई, पटवारी, सावकार, जमीन बळकावणारा बाहेरचा शेतकरी, यांत सगळ्या धर्मांचे लोक होते.

रझाकारांचे अत्याचार खरे आहेत. ज्यांच्या घरातली माणसं गेली ती कुटुंबं तुमच्या आसपास असतील, त्यांच्या आठवणी मांडा. १७ सप्टेंबर १९४८ च्या आगेमागे मुसलमान गावकऱ्यांवर जे गुदरलं तेही खरं आहे. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडचं नाव घेतलंय. देवस्थानच्या भिंतीवर हे लिहायला धीर लागतो. मी तरी लिहा असंच सांगेन. एकाच बाजूचे मृत मोजणाऱ्या संग्रहालयावर गावातली निम्मी माणसं विश्वास ठेवत नाहीत.

आता पहिलं दालन, संस्थानचा इतिहास. माझ्या मते तुमच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू कपाटात गुंडाळून ठेवलेली असेल: इनामाची सनद. मराठवाड्यातल्या बहुतेक जुन्या देवस्थानांना, दर्ग्यांना मदतमाश, खिदमतमाश (निर्वाहासाठी किंवा सेवेबद्दल दिलेल्या इनामी) जमिनी होत्या, फारसी, उर्दू किंवा मोडीतले कागद आहेत, फसली सनाच्या, म्हणजे महसुली वर्षाच्या, तारखा आहेत. ती सनद मांडा. वाचून घ्या, मराठीत उतरवा, आणि त्याखाली लिहा की ती जमीन कोण कसत होतं. एखाद्या पोडाची किंवा तांड्याची जमीन त्यात गेली असेल तर तेही लिहा. हे लिहिणारं देवस्थान मला अजून भेटायचंय. तुम्ही लिहिलंत तर आदिवासी दालनातल्या प्रत्येक शब्दाला वजन येईल, कारण हिशोब स्वतःपासून सुरू झालेला लोकांना दिसेल. राजसत्तेकडून जमीन घेऊन धर्मकार्य करणं हे सगळ्यांनीच केलंय. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, त्यालाही जमीन निजामाच्या दिवाणानं, सालारजंगानं दिली होती.

सनद हाताळताना एक कळकळीची विनंती: लॅमिनेशन करू नका. हातकागद प्लॅस्टिकमध्ये वितळवून बंद केला की तो कायमचा गेला. आम्लरहित कागदात ठेवा, उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत ठेवा, दालनात शक्य तर छापील प्रतिकृती लावा. फेटियासारख्या कापडालाही हाच उजेड. वरच्या मजल्यावर मे महिन्यात पत्रा तापतो, तिथं कापड आणि कागद दोन्ही टिकणार नाहीत. ही दोन दालनं खाली आणता आली तर बघा.

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांवरच्या मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार नोंदवाव्या लागतात. शेतात मूर्ती किंवा नाण्यांचा हंडा निघाला आणि कुणी भक्तिभावानं आणून दिला, तरी आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. हस्तिदंती बलिया, वाघनख, कातडी यांना वन्यजीव कायदा लागतो. विकत तर घेऊच नका, आणि मालकीचा दाखला नसेल तर दानही घेऊ नका.

आणि माणसांचं. किनवट तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे १९९६ च्या पेसा कायद्यानं तिथल्या ग्रामसभेला आपली संस्कृती आणि रूढी जपायचा अधिकार आहे. सरपंचाला शाल-नारळ देऊन घेतलेली संमती पुरत नाही. पोडावर जा, मजकुराचा कच्चा खर्डा वाचून दाखवा, बायकांना वेगळं विचारा, आणि जे खोडायला सांगतील ते खोडा. परधान बुवांना गायला बोलावलंत तर मानधन द्या आणि रेकॉर्डिंगची प्रत त्यांच्या घरी ठेवा. आदिवासी दालनाच्या समितीत निम्म्याहून जास्त लोक त्या समाजांचे असू द्या, फलकावर त्यांची नावं लेखक म्हणून येऊ द्या.

वस्तू शक्यतो दान घेऊ नका. देवस्थानाला दान नाकारायला सांगतोय हे विचित्र वाटेल. पण डोंगरातलं कुटुंब देवीच्या संस्थानाला "नाही" म्हणू शकत नाही, हे तुम्हीही जाणता. त्यापेक्षा वस्तू तीन किंवा पाच वर्षांच्या मुदतीवर घ्या. मालकी कुटुंबाचीच, सण असेल तेव्हा घरी नेता येईल, मुदत संपली की पुन्हा विचारायचं, आणि परत मागितली तर कारण न विचारता संस्थानच्या खर्चानं पोचवायची. हा करार मराठीत एका पानाचा करा, वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवा, एक प्रत त्यांच्याकडे राहू द्या, आणि तसा ठराव विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत मंजूर करून घ्या. गुत्तेदाराचं अंदाजपत्रक त्याच्यानंतरच्या बैठकीत ठेवा. तोवर पुतळ्यांची संख्या आपोआप कमी झालेली असेल आणि उरलेल्या पैशात सनदेचं वाचन आणि रेकॉर्डिंग दोन्ही होऊन जाईल.